स्मृती हरवलेले यंत्र

दिवाळीच्या सुटीनंतर महाविद्यालय सुरू झाले, त्या आठवड्यातली गोष्ट. पाठचिकित्सेच्या तासाला सरांनी विचारले की, हस्तलिखितातील एखादे अक्षर तेलाच्या डागाखाली गेले असेल, तर ते कोणत्या आधारावर ठरवावे? माझ्या तोंडून निघून गेले, "सर, शेजारच्या ओळीवरून ठरवावे; पण यंत्र सुरू करताना लाल बटणावर हात ठेवावा." वर्ग हसला. सरांनी मात्र तासानंतर बोलावून सर्व हकीकत ऐकून घेतली आणि वार्षिकासाठी ती लिहून काढण्यास सांगितले. म्हणून हा लेख. कलाशाखेच्या वाचकांना यंत्रांची माहिती नसणार हे गृहीत धरून मुळापासून सांगतो. ज्यांना ती असेल त्यांनी पहिली दोन पाने सोडून पुढे गेले तरी चालेल.

मिलिंग म्हणजे काय?

आमचा कारखाना कोल्हापुरात उद्यमनगरात आहे. कारखाना हा शब्द मोठा झाला; पत्र्याचे एक छप्पर, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि हाताने चालवायचे एक मिलिंग मशीन, एवढाच पसारा. लेथ पुष्कळांनी पाहिलेला असतो. त्यात कुंभाराच्या चाकावरील गोळ्याप्रमाणे काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये याच्या उलट असते. दातेरी कटर स्पिंडलमध्ये बसून गरगर फिरतो आणि त्याच्याखाली टेबलावर पक्का आवळलेला जॉब हळूहळू सरकवावा लागतो. टेबल डावीकडे-उजवीकडे व पुढे-मागे सरकते. कटर वर-खाली होतो. या तीन दिशांना एक्स, वाय आणि झेड असे तीन अक्ष म्हणतात.

प्रत्येक अक्षाला एक लांब स्क्रू असतो व त्याच्या टोकाला हातचाक. स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकते. सरळ रेषेत कापायचे असेल तर हे काम सोपे आहे. वर्तुळाकार कापायचे असेल, तर मात्र दोन चाके एकाच वेळी आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या प्रमाणात फिरवावी लागतील, आणि ते माणसाच्या हातांना साधत नाही. या चाकांच्या जागी मोटारी बसवल्या आणि त्या मोटारींना आकड्यांनी हुकूम दिले, म्हणजे जे यंत्र तयार होते ते सी.एन.सी. मिलिंग मशीन. संगणकाच्या साहाय्याने आकड्यांनी चालणारे यंत्र, असा त्या तीन अक्षरांचा अर्थ.

या कल्पनेचा जन्म हेलिकॉप्टरमुळे झाला. अमेरिकेत मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवीत असत. पात्याच्या साच्याची वक्ररेषा अचूक हवी, म्हणून त्यांनी हिशेबाच्या यंत्रावर त्या रेषेवरील पुष्कळ बिंदूंचे आकडे काढले. मग एक माणूस मोठ्याने आकडे वाचणार, दुसरा एक चाक फिरवणार, तिसरा दुसरे चाक फिरवणार, अशी त्यांची रीत होती. पुढे अमेरिकन हवाईदलाने १९४९ साली पार्सन्स यांना कंत्राट दिले, त्यात मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या प्रयोगशाळेला घेतले गेले, आणि १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आकडे वाचून तिन्ही अक्ष चालवणारे मिलिंग मशीन तेथे लोकांसमोर चालवून दाखवण्यात आले. आकडे वाचणाऱ्या माणसाची जागा फितीने घेतली होती. जपानमध्ये सेइउएमोन इनाबा यांनी फुजित्सू कंपनीत १९५६ साली याच कामाला हात घातला, आणि १९७२ साली त्या विभागाची फॅनक ही स्वतंत्र कंपनी झाली. जगातील असंख्य यंत्रांना आज याच कंपनीचा मेंदू बसवलेला आढळतो.

कागदी फीत गेली, पण तिची आठवण राहिली आहे. १९८० नंतरच्या दशकातील यंत्रांची स्मृती किती, हे माहितीपुस्तकात मीटरमध्ये दिलेले असते. आमच्या यंत्राची स्मृती ८० मीटर आहे. फितीच्या एका इंचात दहा अक्षरे मावत, त्या हिशेबाने ८० मीटर म्हणजे सुमारे ३१,५०० अक्षरे झाली. या लेखासारखे दोन लेख तिच्यात जेमतेम मावतील.

आम्हांला ते का हवे होते?

आमच्याकडे पाण्याच्या पंपांची बिडाची झाकणे येतात. झाकणावर एका वर्तुळात सहा भोके पाडायची आणि दोन भोकांमधील अंतरात ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त चूक होऊ द्यायची नाही. माणसाचा केस साधारणपणे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जाड असतो, यावरून वाचकांनी कल्पना करावी. आमचे मिस्त्रीकाका हे काम हातमशीनवर करीत. वयाची साठी उलटलेली असली तरी त्यांचा हात अजून कापत नाही. पण दिवसाकाठी बारा झाकणे झाली की त्यांचे डोळे थकत. गिऱ्हाइकाला चाळीस हवी होती. जून महिन्यात साठ झाकणांपैकी अकरा परत आली आणि त्यांच्याबरोबर निरोप आला: दसऱ्यापर्यंत सुधारणा झाली नाही तर काम दुसरीकडे जाईल. ते काम गेले असते तर आमच्या निम्म्या उत्पन्नावर आणि दोन कामगारांच्या पगारावर पाणी पडले असते.

नव्या यंत्राला पंचवीस लाख रुपये पडत होते. तो विचारच नको. पुण्याच्या बाजूला जुन्या यंत्रांचा एक व्यापारी होता, त्याच्याकडे १९८८ सालचे एक जपानी यंत्र ३ लाख ६० हजारांना मिळत होते. आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून रक्कम उभी केली. मी बरोबर गेलो तो केवळ इंग्रजी कागद वाचायला कोणीतरी हवे म्हणून.

जुने यंत्र पाहताना

मिस्त्रीकाकांनी व्यापाऱ्याकडे जे केले ते सर्वांनी शिकण्यासारखे आहे. त्यांनी आधी यंत्राच्या रंगाकडे पाहिलेच नाही. "रंग कालचा हाय," एवढे म्हणून त्यांनी टेबलाखालचे पत्र्याचे आवरण उचलायला लावले आणि स्लाइडवेवरून नख फिरवले. टेबल ज्या घडवलेल्या पट्ट्यांवरून सरकते त्यांना स्लाइडवे म्हणतात. त्यांवर ओरखडे असतील, तर तेल पोहोचत नव्हते किंवा बिडाची भुकटी आत शिरत होती असे समजावे.

मग त्यांनी डायल गेज लावले. टेबल एका दिशेने सरकवायचे, थांबवायचे आणि उलट दिशेने नेमके तेवढेच मागे आणायचे. काटा मूळ जागी आला नाही, तर जेवढा फरक राहिला तेवढा प्ले, म्हणजेच बॅकलॅश. हे माप टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना घ्यावे. रोजचे काम मध्यावरच होते, म्हणून स्क्रू मध्येच झिजतो. तिन्ही ठिकाणी माप सारखे आले तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो आणि तो दूर करता येतो. मध्ये जास्त आणि टोकाला कमी आले तर खुद्द स्क्रू झिजलेला असतो आणि तो नवा घेणे महागात पडते. आमच्या यंत्रात एक्स अक्षावर तिन्ही ठिकाणी ०.०९ आले. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

त्यानंतर स्पिंडल अर्धा तास फिरवून त्यावर हात ठेवून पाहिला. बेअरिंग खराब असेल तर आवाज आधी येतो आणि उष्णता मागून. स्पिंडलच्या आतील शंकूसारख्या पोकळीत टेस्ट बार बसवून डायल गेजने तो किती हलतो तेही पाहिले. शेवटी विजेचे कपाट उघडले. आत धूळ बसली होती, पण जळकट वास नव्हता आणि कोठे तारा तोडून जोडलेल्या नव्हत्या.

इतके सारे पाहूनही आम्ही एक गोष्ट पाहिली नाही, आणि तीच आम्हांला भोवली. यंत्राच्या मेंदूची जी मापे असतात त्यांची नक्कल आम्ही तेथल्या तेथे उतरवून घेतली नाही. यंत्र सुरू होते, पडदा उजळलेला होता, एका तासाचे काम होते. उद्या करू म्हटले. पैसे दिले आणि व्यापाऱ्याने वीज काढली. मालमोटार मिळायला पाच आठवडे लागले.

प्रवास

साडेचार टनांचे यंत्र हलवणे हे लग्नाचे वऱ्हाड हलवण्यापेक्षा अवघड असते. स्पिंडलचे डोके वर लोंबकळत असते, म्हणून ते खाली आणून त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये लाकडी ठोकळा द्यावा लागतो. टेबल सरकू नये म्हणून पट्ट्यांनी बांधावे लागते. क्रेनचे पट्टे ठरलेल्या जागीच घालावेत. टेबलाला किंवा स्पिंडलला पट्टा घालून यंत्र उचलणे म्हणजे पेटी उचलताना पेटीऐवजी कुलूप धरण्यासारखे आहे.

जागेवर आल्यावर पहिली अडचण विजेची. आपल्याकडे कारखान्यात तीन फेजचा ४१५ व्होल्टचा पुरवठा असतो. जपानी यंत्राला २०० व्होल्ट लागतात. सरळ जोडले तर पहिल्याच क्षणी सारे संपेल. मध्ये ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि यंत्राला चांगली अर्थिंग द्यावी लागते. दुसरी अडचण पातळीची. गवंड्याची पातळी येथे चालत नाही. एक मीटरला ०.०२ मिलिमीटरचा उतार दाखवणारी स्पिरिट लेव्हल टेबलावर ठेवून, पायाखालचे बोल्ट चिमटीने फिरवावे तसे थोडे थोडे फिरवीत यंत्र समपातळीत आणावे लागते. यंत्र पिळलेले राहिले तर जॉबही पिळलेला निघतो.

पडद्यावरचा अंधार

अप्पांनी नारळ फोडला, मी स्विच दाबला आणि पडद्यावर सूचनांची रांग उभी राहिली. मापांचे पान उघडले. जेथे शेकडो आकडे असायला हवेत, तेथे वरपासून खालपर्यंत शून्ये.

हे असे का झाले ते सांगितले पाहिजे. या यंत्राचा मेंदू फॅनकच्या शून्य मालिकेतील आहे. त्यातील स्मृती वीज असेपर्यंत टिकते, आणि वीज नसताना ती टिकवण्यासाठी तीन मोठे सेल असतात. बॅटरीत घालतो तशाच आकाराचे. माहितीपुस्तकात बजावलेले असते की वर्षातून एकदा सेल बदलावेत, आणि तेही यंत्राची वीज सुरू ठेवून. वीज बंद करून सेल काढले की स्मृती गेली. व्यापाऱ्याकडे ते सेल केव्हा बदलले होते कोणास ठाऊक. पाच आठवड्यांत त्यांनी मान टाकली. व्यापाऱ्याला फोन केला तर त्याने "माल चालू दाखवून दिला होता" एवढे म्हणून हात झटकले. तो म्हणाला ते खोटे नव्हते, आणि म्हणूनच आम्हांला जास्त लागले.

सर्व यंत्रांचा मेंदू जवळजवळ सारखा असतो. पण हे डोके कोणत्या देहावर बसले आहे हे त्याला मापांवरून कळते. अक्ष किती आहेत, मोटार कोणत्या आकाराची, टेबल किती लांब, कोणत्या बाजूला जाऊन थांबायचे, किती वेगाने पळायचे, हे सारे आकड्यांत लिहिलेले असते. शिवाय ९०० क्रमांकापासून पुढची काही मापे अशी असतात की, मूळ मालकाने पैसे मोजून कोणत्या सोयी घेतल्या होत्या ते त्यांत नोंदलेले असते. ती नसली तर यंत्राला स्वतःचे अवयवच ओळखू येत नाहीत.

त्या रात्री घरी कोणी जेवले नाही. दसऱ्याला चोवीस दिवस उरले होते. आईने पाटल्यांबद्दल एक शब्दही काढला नाही.

पाठचिकित्सा

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाका कपाट पुसत असताना त्यांना दाराच्या आतल्या बाजूला एक प्लास्टिकचा खिसा सापडला. त्यात घड्या घातलेले कागद होते. यंत्र बनवणाऱ्याने कारखान्यातून पाठवतानाच मापांची छापील यादी आत ठेवली होती. छत्तीस वर्षे ती तेथे होती. मथळे जपानी, पण आकडे तर सर्वांचेच. ९०० नंतरचे पान वेगळे व स्वच्छ होते. बाकीच्या दोन पानांवर मात्र तेल झिरपले होते आणि अनेक ठिकाणी आकडे पुसट झाले होते.

शेजारच्या एका कारखान्यात याच जातीचा मेंदू असलेले दुसरे यंत्र आहे. त्यांनी माहितीपुस्तक आठ दिवसांसाठी उसने दिले. पुस्तक, डाग पडलेली यादी आणि भिंग घेऊन मी बसलो. काका मागे उभे राहून म्हणाले, "बाळा, घाई करू नगंस. गाथा वाचतूस न्हवं, तसं वाच."

काही मापे साध्या संख्या असतात आणि काही आठ आकड्यांच्या रांगा. त्या रांगेत फक्त ० आणि १, आणि प्रत्येक स्थानाला वेगळा अर्थ. संख्या पुसट असेल तर ती ठरवायला एक आधार होता. बरीचशी मापे तिन्ही अक्षांसाठी ओळीने दिलेली असतात: आधी एक्स, मग वाय, मग झेड. वायच्या पूर्ण वेगाचा आकडा डागाखाली गेला होता. एक्सचा स्पष्ट होता. दोन्ही मोटारींवरील पाट्या पाहिल्या तर मोटारी एकाच मापाच्या. दोन्ही स्क्रूंचा आटाही सारखा. तेव्हा वायचा आकडा एक्ससारखाच असणार असे धरले. झेडसाठी मात्र असे करता येत नव्हते, कारण त्याला डोक्याचे वजन उचलायचे असते आणि त्याची मोटार वेगळी आहे. सुदैवाने तो आकडा वाचता येत होता. एकूण सतरा ठिकाणी आकडा पुसट होता. त्यांपैकी चौदा शेजारच्या आकड्यांवरून ठरले, दोन पुस्तकातील अर्थावरून. एक राहिला.

तो एका रांगेतील शेवटचा आकडा होता. यंत्र सुरू केल्यावर प्रत्येक अक्षाला एकदा आपल्या ठरलेल्या मूळ जागी जावे लागते. तेथूनच ते सारी अंतरे मोजते. मूळ जागा डावीकडे की उजवीकडे, हे त्या आकड्यावर अवलंबून. डागाखाली उभी रेघ दिसते असे मला वाटले म्हणून मी १ घातला. आकडे लिहिण्याची परवानगी देताच पडद्यावर १०० क्रमांकाची सूचना येते आणि काम संपवून परवानगी काढून घेईपर्यंत ती हटत नाही. चार तासांनी ती हटवली आणि पडदा शांत झाला. मला परीक्षेचा पेपर चांगला गेल्यासारखे वाटले.

काकांनी वेग सर्वांत खाली ठेवायला सांगितला आणि स्वतः लाल बटणावर तळहात ठेवून उभे राहिले. एक्स अक्षाला मूळ जागी जाण्याचा हुकूम दिला. मूळ जागेची खूण ज्या टोकाला होती, टेबल नेमके त्याच्या उलट निघाले. मूळ जागा कळेपर्यंत यंत्राला आपल्या सीमाही कळत नसतात. टोकाचा स्विच एवढाच काय तो पहारेकरी असतो, आणि तो स्विच चालतो की नाही हे आम्ही तपासलेले नव्हते. स्विचपर्यंत पोहोचण्याआधीच काकांनी बटण दाबले. टेबल थांबले. त्या टोकाला काहीही हानी झाली नाही, पण माझे पाय बराच वेळ लटपटत होते. पुसट रेघ कागदाच्या घडीची होती. आकडा ० होता.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. तर्काने ठरवलेला पाठ हा तर्कानेच ठरवलेला असतो. तो छापील पाठाइतका भरवशाचा मानू नये. मी सतराही आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि प्रत्येकाची खात्री यंत्र अगदी हळू चालवून, एकेक करून पटवली. टोकाचे सहाही स्विच आधी हाताने दाबून पाहिले. त्यांतला एक खरोखरच अडकलेला निघाला.

हाताचे काम

मेंदू जागा झाला तरी देह म्हातारा होता. तेलाचा पंप चालत होता, पण स्लाइडवेपर्यंत तेल पोहोचत नव्हते. बारीक नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या मापाच्या तोट्या घट्ट झालेल्या तेलाने बुजल्या होत्या. त्या सर्व बदलल्या, नळ्या धुतल्या आणि स्लाइडवेसाठी असते ते ६८ क्रमांकाचे तेल भरले.

मग ०.०९ चा प्ले. काकांचा अंदाज बरोबर होता: स्क्रू धरून ठेवणारी बेअरिंगे झिजली होती. ती बदलल्यावर प्ले ०.०२ वर आला. उरलेला प्ले मेंदूला आकड्याने सांगता येतो. दिशा बदलताना मोटार तेवढे जास्त फिरते. पुष्कळ लोक सुरुवातीलाच ०.०९ चा आकडा घालून मोकळे होतात. पण आकडा घालून ढिलेपणा जात नाही, फक्त झाकला जातो. कटर धातूत शिरला की तो टेबलाला आपल्याकडे ओढतो, आणि ढिले टेबल ओढले जाते. त्या वेळी कोणताही आकडा मदतीला येत नाही. आधी पाना, मग आकडा, हा क्रम ठेवावा.

स्पिंडलमध्ये कटर धरून ठेवणारी यंत्रणा असते. बशीसारख्या स्प्रिंगा एकावर एक रचून त्यांच्या जोराने कटरची मूठ वर ओढलेली राहते. आमच्या रचनेतील चार स्प्रिंगा तुटलेल्या निघाल्या. तशाच ठेवल्या असत्या तर हजारो फेरे घेणारा कटर केव्हातरी सुटून आला असता. जुने यंत्र घेणाऱ्याने ही स्प्रिंगांची रास न पाहता पहिला जॉब लावू नये, हे मी आवर्जून सांगतो.

हे सारे काम काकांचे. मी दिवा धरायला होतो.

पहिला जॉब

यंत्राची भाषा दिसते तितकी अगम्य नाही. 'जी०० एक्स५० वाय२०' म्हणजे पन्नास आणि वीस या जागी वेगाने जा. 'जी०१' म्हणजे कापत सरळ जा. 'जी०२' आणि 'जी०३' म्हणजे वर्तुळाकार जा, एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरा उलट. 'एम०३' म्हणजे स्पिंडल फिरव. 'एम३०' म्हणजे काम संपले, पुन्हा सुरुवातीला ये. पूर्वी फीत खरोखरच गुंडाळून सुरुवातीला आणावी लागे, त्या हुकमाचा हा वारस. कार्यक्रमाच्या आरंभी आणि शेवटी टक्क्याची खूण टाकावी लागते, तीही फितीच्या काळातली. शब्द थोडे आहेत, व्याकरण कडक आहे, आणि चूक केली तर यंत्र समजून घेत नाही. सांगितले ते करते.

पहिले झाकण लावले तेव्हा दसरा उलटून पाच दिवस झाले होते. सहा भोके सात मिनिटांत झाली. मोजली तेव्हा सर्वांत मोठी चूक ०.०१२ होती. काकांनी झाकण हातात घेतले, उलटसुलट केले आणि अप्पांना म्हणाले, "आता माझं काय काम ऱ्हायलं?" कोणी काही उत्तर दिले नाही.

पंपाचे काम तोपर्यंत अर्धे दुसरीकडे गेले होते. गिऱ्हाइकाने दहा झाकणे तपासून उरलेले अर्धे आमच्याकडे ठेवले. कामगार दोघेही टिकले. पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत.

हिशेब

यंत्र ३,६०,००० रुपये. वाहतूक आणि क्रेन ४२,०००. ट्रान्सफॉर्मर व वायरिंग ५५,०००. बेअरिंगे, स्प्रिंगा आणि तेलाच्या तोट्या ६८,०००. केबल, तेल, सेल व किरकोळ २५,०००. एकूण ५,५०,०००. म्हणजे यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम ते उभे करण्यात गेली. जुने यंत्र घेणाऱ्याने किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करावा. ती नसेल तर यंत्र स्वस्त नाही. यंत्र सुरू असतानाच पाहावे. प्ले तीन ठिकाणी मोजावा. कपाटातील कागद मागून घ्यावेत. आणि पैसे देण्यापूर्वी मापांची नक्कल करावी, मग कितीही उशीर होवो.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर काही दिवसांनी आपोआप मिळाले. जॉब टेबलावर सरळ आहे की नाही, कटर बोथट झाला की नाही, बिडात कोठे कठीण गाठ आली, हे त्यांना आवाजावरून कळते. मला अजून कळत नाही. आता ते यंत्राजवळ स्टूल टाकून बसतात. वहीत मोठ्या अक्षरांत त्यांनी 'जी' आणि 'एम'चे हुकूम लिहून घेतले आहेत, आणि माझ्या कार्यक्रमात चूक सापडली की त्यांना विशेष आनंद होतो.

मापांच्या तीन नकला आता आमच्याकडे आहेत: एक कपाटात, एक घरी, एक संगणकावर. सेल बदलण्याचा दिवसही ठरला आहे. खंडेनवमीला आपण सारी हत्यारे थांबवून पुजतो. आमच्याकडे त्या दिवशी लेथ बंद असतील, ड्रिल बंद असेल. या एकाच यंत्राचा पडदा मात्र उजळलेला राहील, कारण त्याचे सेल वीज सुरू असतानाच बदलायचे असतात. काकांनी कपाटाच्या दारावर खडूने तसे लिहून ठेवले आहे.